हजार टक्के पाठिंबा

२०२४च्या जुलैमध्ये आमच्या टीमचे संध्याकाळचे कॉल रोज पाच-दहा मिनिटं उशिरा सुरू व्हायचे. मी पुण्यात, हिंजवडीत बसून अमेरिकेतल्या एका क्लायंटसाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमची संध्याकाळ म्हणजे त्यांची सकाळ. त्यामुळे तिकडच्या बातम्या आम्हाला कॉलच्या आधीच्या गप्पांमधून ताज्या-ताज्या कळतात. १५ जुलैला ट्रम्पनं जे. डी. व्हान्सचं नाव जाहीर केलं. २१ तारखेला बायडेननं माघार घेतली आणि कमला हॅरिस आपल्यासोबत कोणाला घेणार, ही नवी चर्चा सुरू झाली.

आपल्याला हा प्रकार जरा परका आहे. आपल्याकडे उपराष्ट्रपती संसदेचे दोन्ही सभागृहांतले खासदार निवडतात, आणि ती निवडणूक कधी झाली हे अनेकांना निकालानंतरच कळतं. अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार आपला उपाध्यक्षपदाचा जोडीदार स्वतः निवडतो. त्याला तिकडे रनिंग मेट म्हणतात. मतदार दोघांना मिळून एकच मत देतात. म्हणजे पुढेमागे जगातल्या सगळ्यात ताकदवान खुर्चीवर बसू शकेल असा माणूस, सुरुवातीला तरी, एका माणसाच्या पसंतीनं ठरतो.

त्या गप्पांमध्ये मला एक गोष्ट खटकायला लागली. कोण चांगला उपाध्यक्ष होईल, असं कोणी बोलतच नव्हतं. कोण ‘कसा दिसेल’ यावर सगळं चाललेलं. मिनेसोटाचा गव्हर्नर टिम वॉल्झ एका टीव्ही मुलाखतीत विरोधकांना ‘विचित्र’ म्हणाला, तो तुकडा फोनाफोनी फिरला आणि दोन आठवड्यांच्या आत, ६ ऑगस्टला, हॅरिसनं त्याचीच निवड केली. त्या एका शब्दामुळेच तो निवडला गेला असं मी म्हणणार नाही. पण त्या शब्दाआधी त्याचं नाव आमच्या कॉलवर कोणाच्याही तोंडी नव्हतं. व्हान्सची तीन वर्षांपूर्वीची मुलाखत कोणीतरी उकरून काढली आणि मूलबाळ नसलेल्या, मांजरं पाळणाऱ्या बायकांबद्दलचं त्याचं वाक्य आठवडाभर गाजलं. त्याआधी एप्रिलमध्ये साउथ डाकोटाची गव्हर्नर क्रिस्टी नोएम हिनं आपण पाळलेल्या कुत्रीला गोळी घातल्याचं स्वतःच्याच पुस्तकात लिहिलं होतं, ते बाहेर आलं आणि ट्रम्पची संभाव्य जोडीदार म्हणून होणारी तिची चर्चा बघता बघता थंडावली.

मला हे सगळं मजेशीर वाटत होतं. ऑगस्टमध्ये मलाही एक निवड करायची वेळ आली, तोपर्यंत.

*

आमच्या प्रोजेक्टचा दुसरा टप्पा सुरू होणार होता आणि मला त्याचा लीड केलं होतं. मॅनेजरनी मला एक नाव द्यायला सांगितलं: माझ्यासोबत नंबर दोन कोण? मी रजेवर असलो तर क्लायंटचे कॉल कोण घेणार, गरज पडली तर तिकडे कोण जाणार?

खरं तर नाव एकच होतं. आम्ही दोघं एकाच महिन्यात कामाला लागलो. पहिल्या टप्प्यातला अवघड भाग जवळपास सगळा त्यानं लिहिलेला. रात्री दोन वाजता काही बंद पडलं तर पहिला फोन त्यालाच जायचा. पण आदल्या वर्षी तो सात आठवडे कामावर नव्हता. डिप्रेशनवर उपचार चालू होते. परत आल्यावर त्यानं ते लपवलं नाही, जेवणाच्या सुट्टीत आम्हा चार-पाच जणांना सरळ सांगितलं. तिथून ते मजल्यावर पसरलं आणि कधीतरी क्लायंटच्या लोकांपर्यंतही पोचलं.

मॅनेजर म्हणाले, “तुझा निर्णय आहे. फक्त क्लायंटकडून प्रश्न येऊ शकतो, एवढं लक्षात ठेव.”

मी म्हणालो, “सर, मला काहीच अडचण नाही. पण त्यांच्या बाजूनं उगाच चर्चा नको.” आणि दुसरं नाव दिलं. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील.

त्याच आठवड्यात रनिंग मेटच्या निवडीबद्दल वाचता वाचता मी १९७२ सालात जाऊन पोचलो. तिथे मला माझंच वाक्य सापडलं.

*

१९७२. व्हिएतनाम युद्ध चालू आहे. अध्यक्ष रिचर्ड निक्सन पुन्हा उभा आहे. त्याच्या विरोधात डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न, युद्ध थांबवू म्हणणारा, सरळमार्गी म्हणून ओळखला जाणारा सिनेटर. जुलैमध्ये मायामी बीचला पक्षाचं अधिवेशन झालं. मॅकगव्हर्नला जोडीदार म्हणून टेड केनेडी हवा होता. तो नाही म्हणाला. आणखी काहींनी नकार दिला. नाव कळवायची मुदत संपायला आली तेव्हा १३ जुलैला मिसूरीचा सिनेटर टॉम ईगलटन याला फोन गेला. तो लगेच हो म्हणाला. मग मॅकगव्हर्नचा सहकारी फ्रँक मँकीविझ यानं फोन घेतला आणि विचारलं: तुझ्या भूतकाळात अडचणीचं ठरेल असं काही आहे का? ईगलटन म्हणाला, नाही.

छाननी म्हणायची तर ती एवढीच.

ईगलटन १९६०, १९६४ आणि १९६६ असा तीनदा नैराश्यासाठी रुग्णालयात राहिला होता आणि त्यातल्या दोन वेळी त्याला विजेच्या झटक्यांचे उपचार दिले गेले होते. मिसूरीत पोटाच्या तक्रारींमुळे तो मधूनमधून रुग्णालयात असतो, असा समज होता. त्या पोटाच्या तक्रारींमुळे तो पीत असावा अशी कुजबुजही होती. एक गोष्ट झाकायला गेलं की लोक तिथे दुसरी कल्पून घेतात.

पुढे एका वृत्तपत्राला निनावी फोन आला. नाइट वृत्तसमूहाचे दोन बातमीदार, रॉबर्ट बॉइड आणि क्लार्क हॉइट, यांनी माहिती जमवली. ती थेट छापण्याऐवजी त्यांनी आधी मॅकगव्हर्नच्या माणसांसमोर ठेवली आणि खुलासा मागितला. प्रचाराच्या मंडळींनी ठरवलं की दुसऱ्यानं सांगण्यापेक्षा आपणच सांगू. २५ जुलैला साउथ डाकोटात पत्रकार परिषद घेऊन ईगलटननं सगळं सांगितलं. त्या दोघांची बातमी हातची गेली, पण या कामासाठी त्यांना पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालं. प्रसारमाध्यमं म्हणजे गिधाडं, असं म्हणायची आपल्याला सवय आहे. या गोष्टीत निदान हे दोघं तरी तसे नव्हते.

मॅकगव्हर्ननं जाहीर केलं की ईगलटनला आपला हजार टक्के पाठिंबा आहे.

त्यानंतर काही दिवस दुसरी बातमीच नव्हती. मोठ्या वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांतून ईगलटननं बाजूला व्हावं अशा सूचना येऊ लागल्या. जॅक अँडरसन या प्रसिद्ध स्तंभलेखकानं ईगलटनला दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल पकडलं गेलं होतं असं सांगितलं. त्याचा पुरावा त्याला देता आला नाही आणि नंतर त्याला माफी मागावी लागली. पण तोवर त्याचं काम झालं होतं. दुसरीकडे ‘टाइम’ साप्ताहिकानं केलेल्या पाहणीत ७७ टक्के लोकांनी सांगितलं की ईगलटनच्या आजारपणामुळे आमच्या मतात फरक पडणार नाही.

मग एका संध्याकाळी मॅकगव्हर्न ज्या लॉजमध्ये उतरला होता तिथल्या जेवणघरात पत्रकारांच्या टेबलांपाशी गेला आणि ईगलटननं स्वतःहून जावं हे बरं, असं त्यांच्याशी बोलता बोलता सुचवलं. आपल्याच जोडीदाराला द्यायचा निरोप त्यानं बातम्यांमधून धाडला. हे वाचल्यावर मी फोन खाली ठेवला होता. ज्या बातम्यांनी आपले हात बांधले असं तो पुढे सांगणार होता, त्यातली एक तो स्वतः पेरत होता.

३१ जुलैला, निवडीनंतर अठराव्या दिवशी, ईगलटननं माघार घेतली. त्या वेळी मॅकगव्हर्ननं सांगितलं ते असं: ईगलटनच्या प्रकृतीबद्दल मला शंका नाही. पण त्याच्या आजारपणावरच्या चर्चेमुळे देशापुढच्या खऱ्या प्रश्नांवरून लक्ष उडतंय.

मला काहीच अडचण नाही, पण उगाच चर्चा नको.

*

या घटनेबद्दल एक गोष्ट बरीच नंतर लोकांना कळली. त्या दिवसांत मॅकगव्हर्न गुपचूप डॉक्टरांशी बोलला होता, ईगलटनवर उपचार करणाऱ्यांशीसुद्धा. आजार उलटू शकतो, आणि हा माणूस अध्यक्ष झाला तर ते धोक्याचं ठरू शकतं, असं त्याला सांगितलं गेलं होतं. म्हणजे त्याच्या मनात खरोखरची भीती होती. अणुबॉम्बचा निर्णय ज्याच्या हाती जाऊ शकतो, त्याच्याबद्दल अशी भीती वाटण्यात गैर काहीच नाही. १९४५मध्ये ट्रूमन आणि १९६३मध्ये जॉन्सन, असे दोन उपाध्यक्ष अध्यक्षाच्या मृत्यूमुळे एका दिवसात अध्यक्ष झालेले त्या पिढीनं पाहिले होते.

पण ते कारण त्यानं दिलं नाही. त्यानं चर्चेचं कारण दिलं.

या दोन कारणांमध्ये फरक काय, यावर मी बरेच दिवस विचार करतोय. ‘मला याच्या प्रकृतीची भीती वाटते’ हे एक मत आहे. त्याला मालक आहे. त्यावर वाद घालता येतो. ईगलटन म्हणू शकला असता की शेवटच्या उपचारांना सहा वर्षं झाली, त्यानंतर मी सिनेटची निवडणूक जिंकली, काम केलं, बघा माझी कारकीर्द. दुसरे डॉक्टर पुढे आले असते. मॅकगव्हर्न चुकला असता किंवा बरोबर ठरला असता, पण त्याला आपल्या मताचा हिशेब द्यावा लागला असता.

‘फार चर्चा होतेय’ याला उत्तर नाही. चर्चा होत होतीच. ती चूक आहे हे ईगलटननं सिद्ध केलं असतं तरी ती थांबली नसती. उलट, त्याच्या प्रत्येक उत्तरानं वाढली असती. आणि ती कोणाची होती, हे विचारायला गेलं तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. बातमीदार म्हणतो, मी फक्त सांगतो. संपादक म्हणतो, उमेदवाराच्या भल्यासाठी लिहिलं. उमेदवार म्हणतो, माझं काही नाही, पण लोक. आणि लोकांना विचारलं तर शंभरातले ७७ म्हणतात, आम्हाला फरक पडत नाही.

माइक स्पीकरसमोर धरला की जी कर्कश शिट्टी वाजते, ती कोणाच्याच गळ्यातून आलेली नसते. माइक स्पीकरचा आवाज घेतो, स्पीकर तोच मोठा करून सोडतो, माइक तो पुन्हा घेतो. या प्रकारच्या चर्चेचं तसंच असतं. ती होईल म्हणून आपण माणूस बदलतो, आणि आपण माणूस बदलला हीच मोठी बातमी होते.

म्हणून मला वाटतं की प्रसिद्धीचं कारण देण्यातला खरा मोह तो पराभव टाळण्याचा नाही. ते कारण दिलं की आपल्याला स्वतःला काय वाटतं, हे दुसऱ्याला सांगावं लागत नाही. आणि पुढे जाऊन, स्वतःला विचारावंही लागत नाही.

*

हे कारण आपल्याला नवीन नाही. आपल्या घराघरात ते ‘लोक काय म्हणतील’ या नावानं राहतं. मुलीनं कोणाशी लग्न करावं, घटस्फोटित बहिणीनं समारंभात पुढे बसावं की मागे, मुलाच्या मानसोपचाराबद्दल नातेवाइकांना सांगावं की नाही. ‘आमचं काही नाही गं, पण लोक...’ हे वाक्य बोलणारा माणूस स्वतःला नेहमी लोकांमधून वगळतो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण तर आपण लहानपणीच ऐकलेलं असतं. रामाला सीतेबद्दल शंका नव्हती. अग्निपरीक्षा झाली होती. तरीही लोकापवाद पुरला. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त पहिल्याच अंकात हा प्रसंग आहे. नगरात लोक काय बोलतात याची खबर आणणारा दुर्मुख येतो आणि रामाच्या कानात सांगतो. त्या वेळी गरोदर सीता रामाच्याच हातावर डोकं ठेवून झोपलेली असते. निर्णय ती झोपेत असताना होतो. लहानपणी आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा मी विचारायचो की रामानं त्या बोलणाऱ्याला बोलावून का नाही घेतलं. आजी म्हणायची, “राजा होता तो. राजाला आपल्या मनासारखं नाही वागता येत.”

आजीचं उत्तर हलकं नाही. किंबहुना मॅकगव्हर्नच्या बाजूनं जे सगळ्यात भक्कम बोलता येईल ते हेच आहे. तो खाजगी माणूस नव्हता. तो जिंकला तर युद्ध लवकर थांबेल, असं त्याला आणि त्याच्यासाठी दारोदार फिरणाऱ्या हजारो तरुणांना मनापासून वाटत होतं. रोज माणसं मरत होती. अशा वेळी एका सिनेटरवर झालेला अन्याय एका पारड्यात आणि ते सगळे जीव दुसऱ्या पारड्यात. ज्याला निवडून यायचंय त्याला लोकांच्या मनात काय आहे हे बघावंच लागतं. त्याकडे दुर्लक्ष करणारा उमेदवार तत्त्वनिष्ठ नव्हे, बेजबाबदार म्हणावा लागेल.

शिवाय ईगलटननं सत्य दडवलं होतं, हेही खरंच. विचारल्यावर तो ‘नाही’ म्हणाला. मला वाटतं त्याच्या दृष्टीनं ते खोटं नसावं. तो बरा झाला होता, आणि बरा झालेला आजार अडचणीचा भूतकाळ का मानायचा? पण ज्याच्यासोबत आपण एवढी मोठी जोखीम घेतोय त्याला ते सांगायला हवं होतं. मॅकगव्हर्न ‘त्यानं मला सांगितलं नाही’ एवढंच म्हणाला असता, तरी ते त्याचं स्वतःचं, खरं कारण झालं असतं. ईगलटनला त्याला उत्तर द्यावं लागलं असतं.

तेव्हा माझा आक्षेप ईगलटनला काढण्यावर नाही. कदाचित काढणंच बरोबर असेल. आक्षेप आहे तो कारण म्हणून जे पुढे केलं त्यावर.

*

बातम्यांचा रेटा आला की दुसरा इलाजच नसतो, हे तरी खरं आहे का? याच देशातल्या दोन गोष्टी सांगतो.

१९५२ साली आयझेनहॉवर अध्यक्षपदाचा उमेदवार होता आणि त्याचा जोडीदार होता ३९ वर्षांचा निक्सन. समर्थकांनी निक्सनच्या राजकीय खर्चासाठी सुमारे १८,००० डॉलरचा निधी जमवल्याची बातमी फुटली आणि त्याला काढा अशी मागणी सुरू झाली. आयझेनहॉवरनं त्याला ठेवलंही नाही, काढलंही नाही. तो थांबून राहिला. २३ सप्टेंबरला निक्सन टीव्हीवर आला, आपल्या कर्जाचा आणि घराचा हिशेब सांगितला, बायकोकडे मिंक कोट नाही, साधा कापडी आहे असं सांगितलं, मुलींना भेट मिळालेलं चेकर्स नावाचं कुत्रं काही झालं तरी परत करणार नाही म्हणाला, आणि मी राहावं की जावं हे पक्षाला कळवा असं लोकांना आवाहन केलं. तारांचा आणि पत्रांचा पाऊस पडला. निक्सन राहिला. हा निकाल त्याच्या बाजूनं लागला, पण ठरवणाऱ्यानं स्वतःचं मत इथेही दिलं नाही. ते प्रेक्षकांवर सोपवलं.

१९८८ साली थोरल्या बुशनं डॅन क्वेल या तरुण सिनेटरला निवडलं. त्याच दिवसापासून त्याच्यावर भडिमार सुरू झाला. व्हिएतनामला जाणं टळावं म्हणून तो वशिल्यानं नॅशनल गार्डमध्ये शिरला का, हा प्रश्न त्याला पळता भुई थोडी करत होता. त्याच्या अनुभवाची, बोलण्याची टिंगल झाली, ती पुढेही होत राहिली. बुशनं त्याला काढलं नाही. निवडणुकीत बुशनं ४० राज्यं जिंकली.

बुशची निवड शहाणपणाची होती असं मी म्हणत नाही. बातम्यांच्या रेट्यापुढेही निवड शिल्लक असते, एवढंच यातून दिसतं. मॅकगव्हर्नपुढेही ती होती. त्यानं ईगलटनच्या जागी सार्जंट श्रायव्हरला घेतलं, चर्चा थांबवायची म्हणून एवढं केलं, आणि नोव्हेंबरमध्ये ५०पैकी ४९ राज्यं हरला. तसाही तो हरलाच असता. पण त्या उन्हाळ्यानंतर त्याची चेष्टा होत राहिली ती ईगलटनच्या आजारावरून नाही, त्या ‘हजार टक्क्यां’वरून. क्रिस्टोफर डिव्हाइन आणि काइल कोप्को हे दोन अभ्यासक म्हणतात की रनिंग मेट स्वतः फारशी मतं खेचून आणत नाही. त्याच्या निवडीवरून लोक निवडणाऱ्याला जोखतात. हा माणूस ठरवतो कसा, हे त्यांना त्यातून दिसतं. १९७२ साली ते दिसलं.

आणि जे दिसलं नाही तेही सांगायला हवं. त्याच उन्हाळ्यात निक्सनचा उपाध्यक्ष होता स्पायरो अ‍ॅग्न्यू. मेरीलँडमध्ये असल्यापासून कंत्राटदारांकडून तो पैसे घेत होता आणि उपाध्यक्ष झाल्यावरही रोख पाकिटं त्याच्यापर्यंत पोचत होती. प्रचाराच्या काळात त्याची बातमी झाली नाही. निक्सन-अ‍ॅग्न्यू जोडी प्रचंड मतांनी निवडून आली. ऑक्टोबर १९७३मध्ये अ‍ॅग्न्यूला राजीनामा द्यावा लागला. एक आजारातून उठलेला माणूस अठरा दिवसांत गेला आणि एक लाचखाऊ माणूस वाजतगाजत परत आला. चर्चेला घाबरून निवड करणारा माणूस खरं तर दोषाला घाबरत नाही. तो सापडलेल्या दोषाला घाबरतो.

१९७२नंतर छाननीची पद्धत पार बदलली. आता वकिलांच्या फौजा असतात, लांबलचक प्रश्नावल्या असतात, आयकराची जुनी कागदपत्रं आणि दवाखान्याचे कागद मागितले जातात. हे चांगलंच झालं. पण त्या प्रश्नावलीमागचा प्रश्न बहुतेक तोच असतो, जो मँकीविझनं फोनवर विचारला होता: अडचणीचं ठरेल असं काही? कोणाला अडचणीचं, हे तेव्हाही स्पष्ट नव्हतं. आणि ईगलटनची गोष्ट ऐकलेल्या प्रत्येक महत्त्वाकांक्षी तरुणानं त्यातून काय धडा घेतला असेल? लवकर उपचार घ्या, हा नक्कीच नाही.

स्वतः ईगलटन १९७४ आणि १९८० साली मिसूरीतून पुन्हा सिनेटवर निवडून आला. लोकांना सगळं माहीत होतं. मॅकगव्हर्नच्या एका मुलीचं, टेरीचं, आयुष्य दारूच्या व्यसनात आणि नैराश्यात गेलं. १९९४च्या डिसेंबरमध्ये ती थंडीत गारठून गेली. त्यानं तिच्यावर पुस्तक लिहिलं. ईगलटनला तेव्हा सोडायला नको होतं असं तो म्हातारपणी म्हणायचा.

*

माझ्या पाच मिनिटांकडे परत येतो. तिथे ना युद्ध होतं ना अणुबॉम्ब. त्यामुळे मॅकगव्हर्नच्या बाजूनं जे बोलता येतं ते माझ्या बाजूनं बोलता येत नाही.

क्लायंटनं त्याच्याबद्दल कधीही काहीही विचारलं नव्हतं. तो प्रश्न येईल, ही माझी आणि मॅनेजरची कल्पना होती. मग मी घाबरलो कशाला? प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याच्या आजाराला मीच घाबरलो होतो. ऐन डिलिव्हरीच्या वेळी तो पुन्हा बसला तर? त्याला काही बोलताना मला जपून बोलावं लागेल का? हे प्रश्न माझे होते. विचारण्यासारखे होते. त्यांची उत्तरं एकच माणूस देऊ शकला असता, आणि तो माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसायचा. त्याला विचारायला लागू नये म्हणून मी सात समुद्रापलीकडचे लोक मध्ये आणले.

फेब्रुवारीत एकदा टपरीवर चहा घेताना मी त्याला सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता.

“क्लायंटनं काही विचारलं होतं का?”

“नाही.”

“मग?”

मी म्हणालो की मलाच भीती वाटली. हे वाक्य बोलायला मला सहा महिने लागले होते.

“मला विचारलं असतंस तर मी बहुतेक नाहीच म्हणालो असतो,” तो म्हणाला. “रात्रीचे कॉल मला अजून झेपत नाहीत. गोळीनं झोप लवकर येते.” मग कप कचऱ्याच्या डब्यात टाकता टाकता म्हणाला, “पण विचारायचंस ना, यार.”

आता तिसरा टप्पा सुरू होतोय आणि मला पुन्हा एक नाव द्यायचंय. या वेळी मॅनेजरशी बोलण्याआधी मी त्याला विचारलं. माझ्या मनात काय काय भीती आहे तेही सांगितलं, लाज वाटत होती तरी. कॉल उशिरापर्यंत चालणार असतील तर ते वाटून घेता येतील का, हे त्यानं मला विचारलं. मी म्हणालो, बघू, बहुतेक येतील. त्यानं विचार करायला आठवडा मागितलाय. त्याला आज चार दिवस झाले.